आपला फोटो आपण धरायचा नाही

शर्टाला काज करणं बाहेरून वाटतं तेवढं सोपं नसतं. कापडाला नेमकी चीर द्यायची, मेण लावलेल्या दोऱ्याने तिच्या कडा घट्ट बांधत जायच्या, आणि सगळं झाल्यावर इथे कोणी काही केलंय हे कोणाच्या ध्यानातही येता कामा नये. शर्ट घालणारा कापड बघतो, कॉलर बघतो, फार तर शिलाई बघतो. काजाकडे त्याचं लक्ष जातं ते बटण अडकलं की, आणि तेही शिव्या घालण्यापुरतं. हे काम जिने उभा जन्म केलं तिला सगळे काजताई म्हणत. तिला खरं नाव होतंच, पण ते कोणाला फारसं लागत नसे.

शिवणाचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मशीनच्या दोन रांगा आणि टोकाला कापायचं मोठं टेबल. खिडकीजवळची उजेडाची खुर्ची काजताईची. टेबलामागे मास्तर उभे. तेच कापणारे आणि तेच मालक. तोंडाने फटकळ माणूस. "दर गुरुवारी दुपारी ही बाई उठून जाणार आणि मी हात चोळत बसणार," असं त्यांनी सतरा वेळा ऐकवलं असेल. पण गुरुवारची दुपार झाली की तेच घड्याळाकडे बघून ओरडत, "ताई, उठा आता. तुमची मंडळी खोळंबली असतील."

मंडळी म्हणजे चौकातल्या बायका. मोठ्या सरकारी कचेरीच्या पायऱ्यांसमोर त्या दर गुरुवारी हातात फोटो धरून उभ्या राहत. मधली काही वर्षं अशी होती की माणसं उचलून नेली जायची. सभेतून, कामावरून, कधी अर्धा कप चहा टेबलावर तसाच सोडून. नेलेली माणसं परत आली नाहीत. विचारायला गेलं तर सांगायचे, असं कोणाला आम्ही नेलेलंच नाही. तक्रार लिहून घ्यायला पेन सापडायचं नाही. मग बायका चौकात जमू लागल्या. त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारून झाले, त्यांना गाड्यांत कोंबून गावाबाहेर सोडून झालं. पुढच्या गुरुवारी त्या परत हजर. या कोणाच्या बापाला ऐकणार नाहीत असं दिसल्यावर पोलिसांनीही नाद सोडला.

काजताईचा धाकटा भाऊ बस दुरुस्तीच्या डेपोत कामाला होता. कामगारांची सभा होती, सभेत हा बोलायला उभा राहिला, आणि घरी आला नाही. आईवडील लवकर गेल्यामुळे त्याला हिनेच वाढवलेलं. त्याचं शिक्षण, त्याचं आजारपण, त्याची नोकरी, असं करता करता हिच्या लग्नाचं "बघू पुढे" म्हणून राहिलं ते राहिलंच. लहानपणी तो भिंतीवरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होता, तोवर काजताईने कारखान्यातली लाकडी पट्टी लावून फडक्याने हात बांधला. हाड जुळलं, पण वाकडं. त्यामुळे कफ त्याला काचायचा. म्हणून त्याच्या प्रत्येक शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण ती बोटभर सरकवून लावायची. तो गेला तेव्हा त्याच्या अंगात तिनेच काजं केलेला पांढरा शर्ट होता.

पहिल्या वर्षी ती फार रडली. मग रडू यायचं बंद झालं. तिला बरं वाटलं. पण रडण्याबरोबर बाकीचंही हळूहळू बंद पडत गेलं. जेवताना चव कळेना. पोट भरलं हे ताट रिकामं दिसल्यावर कळायचं. शेजारीण गमतीची गोष्ट सांगायची तेव्हा आपण कुठे हसायला हवं हे तिला समोरच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "बरी आहे." खोटंही नव्हतं. दुखत काहीच नव्हतं.

चौकाच्या कामाला शिस्त लावली ती शाळेच्या बाईंनी. निवृत्त झालेल्या, गणित शिकवणाऱ्या, आणि मुलगी गेलेल्या. आवाज असा की चौकातले फेरीवालेही नकळत सरळ उभे राहत. आधी प्रत्येक बाई आपापल्या माणसाचा फोटो धरायची. त्यात व्हायचं असं की एखादी फोटोकडे बघता बघता खाली बसायची, बाकीच्या तिला पाणी द्यायला धावायच्या, आणि पोलीस येऊन म्हणायचे, "यांची तब्येत बरी नाही, घरी घेऊन जा." झालं, गुरुवार संपला. एकदा कचेरीतला एक साहेब पायऱ्या उतरून आला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

त्या दिवशी बाई भडकल्या. "आपण इथे दुःख दाखवायला येत नाही," त्या म्हणाल्या. "आपण विचारायला येतो. कुठे आहेत ते सांगा, एवढंच. पुढच्या गुरुवारपासून आपला फोटो आपण धरायचा नाही. दुसरीचा धरायचा. आणि ज्याचा फोटो हातात आहे त्याची पूर्ण माहिती पाठ हवी. वय, कपडे, खुणा, सवयी. कोणी विचारलं, तुमचा कोण, तर हातातल्याबद्दल सांगायचं. मग बघू कोणाची तब्येत बिघडते."

खरंच कोणाची बिघडली नाही. बाई अधूनमधून वर्गात घ्यावी तशी तोंडी परीक्षाही घेत. चुकलं की, "पुन्हा सांगा."

काजताईच्या वाट्याला चपलांच्या दुकानातल्या काकूंचा मुलगा आला, आणि काकूंच्या वाट्याला काजताईचा भाऊ. दोघं साधारण एकाच वयाचे. काकू म्हणजे गोल, बडबड्या, रडतानाही बोलणं न थांबवणाऱ्या. गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघून माप सांगायच्या आणि वर स्वभावही सांगायच्या. त्यांनी आपला मुलगा काजताईकडून घोटून घेतला: डाव्या भुवईवर चीर, झोक्यावरून पडून पुढचा दात अर्धा तुटलेला, अंगात निळा चौकटीचा शर्ट, आणि शीळ अशी घालायचा की गल्लीच्या तोंडाशी आला की आईला घरात कळायचं. काजताईने आपल्या भावाचं सांगितलं ते मोजकंच. मनगट, पांढरा शर्ट, बाहीचं बटण. काकूंनी आणखी खोदून विचारलं, तर म्हणाली, "एवढंच."

वर्षं गेली. दर गुरुवारी काजताई भुवई, दात, शर्ट, शीळ सांगत राहिली. वार्ताहरांना, विद्यार्थ्यांना, परदेशी पाहुण्यांना, कधी सावलीला थांबलेल्या नुसत्याच माणसाला. घरी आल्यावर भावाबद्दल विचारणारं कोणी नव्हतं. त्याच्या खाटेवर आता घड्या केलेलं कापड असे.

सरकार बदललं. नव्या सरकारने चौकशी समिती नेमली. पुढे एका लांबच्या गावात, जुन्या छावणीच्या मागच्या मैदानात पाण्याची पाइपलाइन टाकायला खोदलं तर माणसं निघाली. समितीने तिथल्याच एका बंद पडलेल्या शाळेत मुक्काम टाकला आणि घरच्यांना एकेक करून बोलावलं. रक्त तपासून नातं सांगायची सोय तेव्हा तिथे नव्हती. खुणा सांगायच्या. जुळल्या तर आतल्या वस्तू दाखवत. आलेल्या प्रत्येकीला सगळंच दाखवायचं नाही, असं समितीने ठरवलं होतं. आधी तसं दाखवून झालं होतं, आणि बायका आजारी पडल्या होत्या.

काजताईची पाळी आली. ती एकटीच गेली. बसमध्ये खिडकी मिळाली, तिला भीती वाटली नाही, धडधड झाली नाही. आपण माप द्यायला निघालोय असं वाटत होतं. शाळेच्या वर्गात एक कारकून बसला होता, तरुण, सर्दी झालेला. पाठीमागच्या फळ्यावर कुठल्यातरी जुन्या वर्गाची हजेरी अजून पुसट दिसत होती. रोज तेच विचारून त्याच्या आवाजातलं पाणी आटून गेलं होतं.

"कोण तुमचे?"

"भाऊ. धाकटा."

वय सांगितलं.

"ओळखीच्या खुणा?"

काजताईचं तोंड आपोआप उघडलं. दर गुरुवारी उघडायचं तसंच. "डाव्या भुवईवर चीर. पुढचा दात अर्धा तुटलेला, झोक्यावरून पडून. अंगात निळा चौकटीचा शर्ट."

शीळही सांगणार होती, पण ती इथे कशी बघणार, म्हणून राहिली.

कारकून आत गेला. बऱ्याच वेळाने नाक पुसत आला. "नाही हो ताई. तुटलेल्या दाताचा कोणीच नाही. तुम्ही म्हणता त्या वयाचा एक आहे, पण त्याचे दात शाबूत आहेत. शर्ट पांढरा. आणि त्याचं उजवं मनगट वाकडं जुळलेलं आहे."

"मग तो आमचा नाही," काजताई म्हणाली.

"ज्यांना कोणी ओळखणार नाही त्यांना महिनाअखेर एकत्र पुरायचं ठरलंय. अनोळखी म्हणून. कोणाला कळवायचं असेल तर कळवा."

"कळवते," ती म्हणाली. बाहेर नळावर पाणी प्यायली आणि परतीची बस धरली. सोबत आणलेला पाव खाल्ला. रस्ताभर तिला छान झोप लागली.

चौकात तिने सांगितलं, "तिथे नाही तो." शाळेच्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्या सहसा कोणाच्या खांद्यावर ठेवत नसत. काकूंना तर हर्ष मावेना. "नाही ना? मी म्हणत होते! माझा मेला जीवच सांगत होता, हा कुठेतरी धडधाकट असणार!" असं म्हणून त्यांनी काजताईच्या भावाच्या फोटोची काच पदराने पुसली. काजताई बघत राहिली. काकूंना एवढा आनंद झालाय तर आपल्यालाही व्हायला हवा, असं तिला वाटलं. वाट बघितली, पण तो आला नाही.

पुढच्या गुरुवारी कॉलेजातली एक मुलगी आली. कसलासा निबंध लिहीत होती. तिने काकूंना विचारलं, "आजी, तुमचा कोण?"

काकूंनी घसा साफ केला आणि सुरू झाल्या. बसच्या डेपोत होता, सभेत बोलायला उभा राहिला, अंगात पांढरा शर्ट. काजताई शेजारीच उभी होती. हे तिने किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. देवळाजवळ राहणाऱ्याला घंटा ऐकू येत नाही तसं तिला ते ऐकू येत नसे. "...आणि उजवं मनगट वाकडं," काकू म्हणाल्या, "लहानपणी भिंतीवरून पडला, बहिणीने लाकडी पट्टी बांधली होती."

काजताईच्या हातातला फोटो खाली आला. इतक्या वर्षांत चौकात कोणाचा फोटो खाली आला नव्हता, फवारे उडाले तेव्हाही नाही. बाईंची मान वळली.

"काकू," काजताई म्हणाली, "ते मनगट कोणाचं?"

"अगं, असं काय करतेस? तुझ्या भावाचं."

"मी तिथे 'आमचा नाही' म्हणून सांगून आले."

काकूंना आधी कळेना. मग कळलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्या गप्प झाल्या. ती कॉलेजची मुलगी पेन हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. महिना संपायला आला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघी निघाल्या. मास्तरांनी काही न विचारता सुट्टी दिली, आणि नंतर एका मशीनवाल्याला विनाकारण झापलं. बसमध्ये काजताई म्हणाली, "मला त्याचा चेहरा आठवत नाहीये, काकू. रात्रभर आठवून बघितला. भुवईवर चीर येते."

काकूंनी तिचा हात मांडीवर घेतला. "माझं एक काम तर झालं तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "माझा तिथे नाही, हे कळलं. मला जायचं धैर्यच होत नव्हतं."

शाळेच्या ओट्यावर लाकडी पेट्या रचून ठेवल्या होत्या आणि एक माणूस त्यांवर खिळे ठोकत होता. मैदानाच्या कडेला खड्डा तयार होता. कारकून निघायच्या गडबडीत होता. काजताईला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, तुम्ही स्वतःच म्हणालात, आमचा नाही. दात तुटलेला सांगितलात तुम्ही."

आता तोंड उघडलं तर पुन्हा दातच बाहेर येईल, असं काजताईला वाटत होतं.

"दात माझ्या मुलाचा," काकू पुढे होऊन म्हणाल्या. "ही माझा सांगून गेली. हिचा आता मी सांगते, तुम्ही ऐका."

"म्हणजे?"

"म्हणजे इतकी वर्षं हिचा मी सांभाळते आणि माझा ही. तुमच्या कचेरीने ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. ती पेटी उघडा. उजव्या बाहीचं बटण बघा. बोटभर सरकवून लावलेलं असेल. नसलं तर मी इथूनच परत जाते."

खिळे ठोकणारा थांबला. कारकुनाने स्वतःच खिळे उपटायला घेतले. हाताला सवय नव्हती, वेळ लागला. शर्ट बाहेर काढून त्याने टेबलावर पसरला. पांढरा राहिला नव्हता. उजवी बाही त्याने सरळ केली.

बटण बोटभर पुढे होतं.

काकूंनी हंबरडा फोडला. टेबलाची कड धरून त्या रडल्या, नावाने हाका मारून रडल्या, कारकुनाने खुर्ची दिली ती नाकारून रडल्या. काजताईने बोट काजावरून फिरवलं. कापड विरलं होतं, पण काजाचा एक टाका उसवला नव्हता. दोरा चांगला होता तो, असं तिच्या मनात आलं. बाकी काही आलं नाही. आपल्या वाट्याचं हे रडणं काकूंच्या हाती लागलंय आणि आता ते मागून मिळणार नाही, असं तिला वाटलं, आणि त्याचंही वाईट वाटलं नाही.

चौकातल्या बायकांचा आणखी एक नियम होता, क्वचितच वापरावा लागलेला. कोणाचं माणूस सापडलं की पुढच्या गुरुवारी त्याचा फोटो शेवटचा आणायचा. त्या दिवशी तो घरच्या माणसाच्या हातात द्यायचा, आणि जिने तो इतकी वर्षं धरला तिने त्याच्याबद्दल बोलायचं. मग फोटो घरी न्यायचा.

भावाला माती देऊन झाल्यावर तो गुरुवार आला. काकूंनी फोटो काजताईच्या हातात दिला. काकूंचा मुलगा त्या दिवसापुरता शाळेच्या बाईंनी धरला. किती वर्षांनी भावाचा फोटो तिच्या हातात येत होता. जड होता. काजताईने त्याच्याकडे बघितलं, तर एक बऱ्या चेहऱ्याचा तरुण तिच्याकडे बघत होता. कोणाचाही असेल.

काकू बोलायला उभ्या राहिल्या. डेपो सांगितला, सभा सांगितली, मनगट सांगितलं. मास्तर आज कारखाना बंद ठेवून आले होते, मागे टोपी काढून उभे होते. काकूंना बोलता बोलता रंग चढला. "मनाने फार निर्मळ," त्या म्हणाल्या, "आणि शीळ काय गोड घालायचा! गल्लीच्या तोंडाशी आला की घरात कळायचं, आला म्हणून."

काजताईची मान झटक्यात वर झाली.

"खोटं आहे," ती म्हणाली.

सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. भरल्या सभेत मध्येच बोलायची तिची रीत नव्हती. स्वतः काजताईही दचकली, कारण तिला राग आला होता. चांगला, गरम, कानांपर्यंत चढलेला राग. इतक्या वर्षांनी अंगात काहीतरी आलं होतं आणि ते काय आहे हे ओळखायला तिला एक क्षण लागला.

"शीळ तुमच्या मुलाची, काकू. माझ्याला शीळ यायची नाही."

"यायची नाही?" काकूंचा चेहरा कोरा पडला. त्यांनी बाईंच्या हातातल्या आपल्या मुलाकडे बघितलं. ही शीळ नक्की कोणाची, हे त्यांनाही आता ठरवता येईना.

"मुळीच यायची नाही," काजताई म्हणाली. आवाज चढला होता. "जन्मभर प्रयत्न केला त्याने. मी काजं करत बसायची आणि हा समोर बसून तोंडाचा चंबू करायचा. गाल फुगायचे, डोळे बाहेर यायचे, कान लाल व्हायचे. मी हसायला लागले की मलाच ओरडायचा, 'ताई, हसू नकोस ना, आता येणारच होती!' आणि पुन्हा सुरू करायचा. असा..."

तिने फोटो छातीशी धरला, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली.

नुसती हवा आली.

शेवटच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. काजताईने पुन्हा फुंकर मारली, पुन्हा तीच हवा. आता तो तिला स्वच्छ दिसत होता, गाल फुगवलेला, कान लाल झालेला, बोटभर सैल कफातून वाकडं मनगट बाहेर आलेला. तिसऱ्यांदा तिने ओठ जुळवले, पण ते जुळेनात, थरथरायला लागले. काकू तिला धरायला पुढे झाल्या. शाळेच्या बाईंनी हात आडवा केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तिला रडू द्या. आज आपला फोटो आहे तिच्या हातात."